पोटात माझ्याही दुखत होतं

हॅलो. मी बोलतोय. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या खंडोजी अण्णांच्या वर्कशॉपमधला काळा फोन. इतकी वर्षं माझ्यातून दुसरेच बोलत आले. त्यांच्या ऑर्डरी, त्यांची भांडणं, त्यांच्या पोरांची लग्नं. माझं स्वतःचं मी कधी काही बोललो नाही. आज बोलतो. आणि आधीच सांगून ठेवतो की मी जळकुटा आहे. पुढचं सगळं ते लक्षात ठेवून ऐका, पण ऐका.

माझा जन्म बंगळूरचाच. एका मोठ्या सरकारी कारखान्यात माझे भाग जुळले. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला कानाला लावलं आणि म्हणाल्या, "हॅलो, ओंदु, एरडु, मूरु." कन्नडमधले एक, दोन, तीन. आयुष्यात मी ऐकलेले ते पहिले शब्द. त्या बाईंच्या आवाजावर मी तिथंच जीव टाकला, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी मला बाजूला ठेवून दुसरा फोन उचलला. जळायला मी तेव्हाच शिकलो असेन.

अण्णांनी फोनसाठी अर्ज केला तेव्हा त्यांची मुलगी सौम्या पाळण्यात होती. मी आलो तेव्हा ती शाळेत जात होती. मला टेबलावर ठेवलं त्या दिवशी अण्णांनी सगळ्या शेडींत पेढे वाटले आणि माझ्या डायलला एक छोटं कुलूप लावलं. लोकांना ते कंजूषपणाचं वाटायचं. मला वाटायचं, दागिन्यांना लावतात तसं आहे हे.

अण्णांचं घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपासून इथलंच. घरी मराठी, दाराबाहेर कन्नड. बोलताना मधेच 'सरी' यायचं, म्हणजे बरं; 'स्वल्प थांब' यायचं, म्हणजे जरा थांब. महाराष्ट्रातून कोणी पाहुणा आला की अण्णांचं मराठी ऐकून गालात हसायचा. अण्णा त्याच्यासमोर हसून घ्यायचे. तो गेला की मात्र बराच वेळ गप्प असायचे. हे लागणं घरात फक्त सगुणाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, माहीत होतं. आणि वर्कशॉपमध्ये मला.

अण्णा पितळी व्हॉल्व बनवायचे. भिंतीला भिंत लागून हयवदन राव यांची शेड. लोखंडी सुट्या भागांना मुलामा द्यायचं काम तिथं चाले. दोघांची मैत्री पीण्यात नीट रस्ते झाले नव्हते तेव्हापासूनची. भिंतीपलीकडून हाक मारली तरी ऐकू आली असती, पण हयवदन राव रोज सकाळी फोनच करायचे. "एनु खंडोजी, कॉफी आयता?" म्हणजे काय रे, कॉफी झाली का. त्यावर अण्णा म्हणायचे, "झाली, तरी ये." या दोन वाक्यांसाठी मी रोज सकाळची वाट बघायचो.

मग अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटर आला.

सौम्या तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनंच हट्ट धरला. "अप्पा, आता ऑर्डरी ईमेलवर येणार. फोनवर कोण बोलत बसतंय?" माझ्यासमोर म्हणाली ही. मी हिच्या मैत्रिणींची नावं आवाजावरून ओळखायचो.

तो पांढरट, जाडजूड खोका माझ्याच टेबलावर बसला. मला कोपऱ्यात सरकवलं. त्याच्यावर सगुणाबाईंनी विणलेलं झाकण आलं, त्याच्यासाठी वेगळा पंखा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथं सगळ्या यंत्रांची पूजा होते. दरवर्षी पहिला हार पितळ कातायच्या लेथला आणि दुसरा मला असायचा. त्या वर्षी दुसरा हार त्याला गेला. मला कुंकवाचा ठिपका लागला, तोही सगुणाबाईंना जाता जाता आठवलं म्हणून.

तेवढंही मी सोसलं असतं. पण त्याला बाहेरच्या जगाशी बोलायला तार कोणाची लागायची? माझी. तो जोडला जायचा तेव्हा माझ्या गळ्यातून आधी किंचाळल्यासारखा आवाज निघायचा, मग कोणी वाळू चाळतंय अशी खरखर, आणि त्यानंतर मी मुका. बाहेरून कोणी फोन लावला तर त्याला नुसतं टूं टूं ऐकू यायचं. सकाळी पलीकडे हयवदन राव तेच ऐकत बसायचे. काही दिवसांनी त्यांनी सकाळी लावणं सोडलं.

विद्याधर नावाच्या माणसाचा पहिला ईमेल त्या दसऱ्यानंतरचा. इंग्रजीत होता, व्हॉल्वचे दर विचारणारा. पत्ता मॉरिशसचा. सौम्यानं उत्तर पाठवलं. दुसरा ईमेल आला तो इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. सौम्या मोठ्यानं वाचत होती.

"'नाव बघून विचारतो, आपण मराठी का? माझे पणजोबा साताऱ्याकडून इथं उसाच्या मळ्यात आले. आम्ही घरी अजून मराठी बोलतो, पण मोडकी. हसू नका.'"

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "काय म्हणाला? हसू नका म्हणाला?"

"हो अप्पा."

"लिही त्याला," अण्णा म्हणाले, "आमची पण मोडकीच आहे म्हणावं."

मी त्यांचा चेहरा बघत होतो. मुंबईची मोठी ऑर्डर माझ्यातून आली होती तेव्हासुद्धा तो इतका फुलला नव्हता.

विद्याधरनं नमुन्याची एक पेटी मागवली. पैसे वेळेवर आले, एक पैसा कमी नाही. मला त्यात खोट सापडेना, आणि त्यामुळे मी जास्तच धुसफुसलो. मग बरेच महिने त्यानं काहीच मागितलं नाही. नुसता लिहायचा. आमच्याकडे गणपती कसा बसवतात, उसाचा रस कसा काढतात, आईच्या पित्ताशयात खडे झालेत, ती रात्रभर कण्हते. सौम्याची परीक्षा कधी, सगुणाबाईंचा गुडघा कसा आहे, आज जेवलात का. ज्या दिवशी अण्णांनी सांगितलं की मला सगळे अण्णा म्हणतात, त्या दिवसापासून तोही अण्णा म्हणू लागला.

सगुणाबाई मोठ्या मनाच्या. त्यांनी त्याच्या आईचं दुखणं आपलं करून टाकलं. दर मंगळवारी बनशंकरीच्या देवळात जाऊन, उलट्या केलेल्या लिंबाच्या सालीत तूप-वात घालून त्या बाईसाठी दिवा लावायच्या. मला त्या बाईचाही हेवा वाटायचा. माझ्या डायलचा सात अडकायला लागला होता, त्यासाठी कोणी साधा तेलाचा थेंब टाकत नव्हतं.

पुढे त्यानं लिहिलं, 'अण्णा, दर वेळी सौम्याला कशाला त्रास? तुम्हीच लिहा ना. तुमचे शब्द थेट तुमच्याकडून आले की बरं वाटतं.' अण्णा एका बोटानं टाईप करायला शिकले. सौम्याला नोकरी लागली होती, ती खूश झाली की अप्पा शिकले. आता ती पत्रं अण्णा एकटेच वाचायचे, ओठ हलवत, पुटपुटत. आणि मी ऐकायचो.

कुणाला सांगता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं. पण एक गोष्ट मला खटकायची. वर्ष होत आलं तरी या माणसाचा आवाज माझ्या तारेत एकदाही आला नव्हता.

मग मोठी गोष्ट आली. तिकडच्या सरकारला सगळ्या बेटावरची पाण्याची व्यवस्था बदलायची आहे, व्हॉल्व लागणार आहेत, काम विद्याधरला मिळतंय आणि भागीदार म्हणून त्याला अण्णाच हवेत. त्यासाठी मुंबईतल्या एका एजंटकडे अनामत भरायची. रक्कम एवढी होती की शेड बँकेकडे गहाण ठेवावी लागणार होती. शेवटी लिहिलं होतं, 'एवढ्यात कुणाला सांगू नका, अण्णा. घरीसुद्धा झाल्यावरच सांगा. आणि आसपासचे तर जळणारच. तुम्ही मोठं व्हावं असं वाटणारे किती असतात?'

ते ऐकून मी थिजलो. आसपास जळणारा तर मी होतो! त्यानं मला न बघताच ओळखलं होतं. माझ्यासारखे प्रत्येकाच्या आसपास असतात आणि त्यांचं तोंड आधी बंद करायचं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

बँकेचा माणूस शेड बघायला आला तो हयवदन रावांनी पाहिला. दुपारी ते स्वतः आले. मुलाम्याच्या कामानं बोटं पिवळी झालेली, तशीच. उभ्याउभ्या त्यांनी विचारलं आणि अण्णांनी लपवाछपवी न करता अर्धंमुर्धं सांगितलं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"त्याच्याशी बोललास कधी? तोंडानं?"

"परदेशचा फोन महाग पडतो."

"एवढं मोठं काम देणाऱ्याला एक फोन महाग?"

"तुला काय त्रास आहे?" अण्णांचा आवाज चढला. "तीस वर्षं मी पितळ कातत बसलो तेव्हा बरा होतो मी. आता चार पैसे दिसायला लागले तर पोटात दुखतंय तुझ्या."

 हयवदन रावांनी बोटांकडे बघितलं. "सरी," एवढंच म्हणाले आणि गेले.

पण त्यांचा प्रश्न गेला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी एका बोटानं लिहिलं की एकदा फोन कर, तुझा आवाज ऐकावासा वाटतो. उत्तर आलं की घशाचं ऑपरेशन झालंय. पुढच्या आठवड्यात आलं की वादळानं तारा तुटल्यात. अण्णा चिडले नाहीत, पण बँकेत जायचंही लांबवू लागले. दोनदा तारीख टळली. मग एका सकाळी मी वाजलो.

"अण्णा? मी विद्याधर."

काय गोड आवाज होता! मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, इतक्या दिवसांनी अण्णांनी मला दोन्ही हातांनी धरलं होतं, माझ्या आकड्यांवर त्यांचे अश्रू पडत होते, आणि मी पाघळलो. परदेशातला आवाज एक श्वास उशिरा येतो, हा तर लगेच येत होता, हे माझ्या लक्षात आलं. पण सांगणार कोण आणि कसं? इतके दिवस मला वाटत होतं की खोटं बोलणं हे त्या खोक्याचं काम, माझ्यातून आलेला आवाज खराच असतो. तो माणूस माझ्याच गळ्यातून बोलत होता आणि अण्णांच्या मनातली उरलीसुरली शंका पुसली जात होती.

सगुणाबाई डबा घेऊन आल्या होत्या. अण्णांनी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. "बोल, बोल. विद्याधर आहे."

"वहिनी, नमस्कार करतो," तो म्हणाला. "गुडघा कसा आहे?"

"बराय रे बाबा. ते राहू दे. आई कशी आहे? आता रात्री झोप लागते का तिला?"

 मग तोच गोड आवाज, थोडा जड केलेला. "आई? वहिनी, आईला जाऊन तर दहा वर्षं झाली. तुमच्या आवाजात मला तीच भेटते बघा."

सगुणाबाई "सरी," म्हणाल्या आणि मला हळूच खाली ठेवलं. त्यांचा हात माझ्यावर बराच वेळ तसाच होता. 

"अहो, त्याची आई दहा वर्षांपूर्वी गेली म्हणतो."

"तुला नीट ऐकू आलं नसेल. लाइन खराब होती."

"लाइन स्वच्छ होती."

स्वच्छ होती! माझ्याविषयी इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं.

"मी त्या बाईसाठी इतके मंगळवार दिवे लावले," सगुणाबाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. "माणूस सगळं विसरेल, पण आई जिवंत आहे की नाही हे विसरेल का हो?"

अण्णा कागदपत्रांची पिशवी शोधू लागले. उद्या बँकेत सही होती. सगुणाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी माझं कुलूप काढलं आणि या वर्कशॉपमधून पहिल्यांदाच स्वतःहून नंबर फिरवला. भिंतीपलीकडे घंटी वाजलेली इथं ऐकू आली.

"हयवदन अण्णा, एकदा या. तुम्हाला यावंसं वाटणार नाही, ठाऊक आहे मला. तरी या."

ते आले. अण्णा मान वर करेनात. हयवदन रावांनी सगुणाबाईंचं ऐकून घेतलं आणि समोर स्टूल ओढून बसले.

"खंडोजी, दुखतंय माझ्या पोटात. तू बोललास ते खरं आहे. रोजची कॉफी सोडून तू दुसऱ्याशी बोलायला लागलास, मग दुखणार नाही? पण पोटात दुखतं म्हणून माणूस खोटंच बोलतो काय?"

मला वाटलं, हे माझंच मन बोलतंय.

"त्याला नाही म्हणू नको," ते पुढे म्हणाले. "एवढंच लिही की माझ्या मित्राचा मेहुणा मुंबईला असतो. तो त्या एजंटच्या ऑफिसात जाईल, बसेल, बोलेल, मग पैसे भरू. स्वल्प थांब म्हणावं. खरा असला तर त्याला आनंदच होईल. खोट्याला तेवढं थांबणंच परवडत नाही."

अण्णा उठले. मग खोक्यासमोर गेले आणि एका बोटानं लिहायला लागले. आम्ही सगळे ती टकटक ऐकत होतो.

उत्तर त्याच दिवशी आलं. 'अण्णा, माझ्यावर संशय? मी तुम्हाला वडील मानलं.' अण्णांचे डोळे भरले, पण त्यांनी काही पाठवलं नाही. दुसरं आलं की दुसरा एक कारखानदार तयार आहे, उद्यापर्यंतच वेळ आहे. तिसरं इंग्रजीत होतं. त्यात अण्णा हा शब्द नव्हता. ते अण्णांनी सौम्याला वाचायला लावलं आणि ती मध्येच थांबली. वडिलांना वाचून दाखवावं असं ते नव्हतंच. त्यानंतर काही आलं नाही.

सौम्यानं मग त्याच इंटरनेटवर चार कारखानदारांना विचारलं. बेळगावच्या एका पंपवाल्याचं उत्तर आलं. त्यालाही मॉरिशसचा मराठी मित्र भेटला होता, नाव तेवढं वेगळं. पणजोबा तेच, ऊस तोच, 'हसू नका'सुद्धा तेच. फक्त त्याच्या गोष्टीतली आई दहा वर्षांपूर्वी वारलेली होती. त्या बिचाऱ्यानं अनामत भरली होती. शेड गेली होती.

आता सगळे सुटल्याचा श्वास सोडतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. अण्णा रोज सकाळी येऊन आधी तो खोका चालू करायचे. काही आलंय का बघायचे. मग बंद करायचे.

"बरं वाटत नाही ग," एकदा सगुणाबाईंना म्हणाले. "वाचलो, सगळे म्हणतात वाचलो. पण तो रोज विचारायचा ना, जेवलात का म्हणून."

"मी विचारते की."

"तू विचारतेस. पण तुला मी आधीपासून होतो. त्यानं मला शोधून काढलं होतं."

नसलेल्या माणसासाठी हा माणूस झुरत होता आणि मी त्या नसलेल्या माणसावर जळत होतो. असलं जळणं कोणाच्या वाट्याला येऊ नये. खऱ्या माणसाशी बरोबरी तरी करता येते.

देवळातल्या दिव्यांचं काय, असं सौम्यानं आईला थोडं चिडूनच विचारलं होतं. सगुणाबाई म्हणाल्या, "त्याची आई नसेल. कुणाची तरी आजारी असेलच. तिला पावतील." आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा गेल्या.

हयवदन राव लगेच पूर्वीसारखे झाले नाहीत. वेळेला धावून आले, पण लागलेलं लागलेलंच होतं. शेवटी अण्णांनाच एका सकाळी नंबर फिरवावा लागला. सात अडकला, पुन्हा फिरवला. काय बोलले ते मी सांगणार नाही. माझ्यातून गेलेलं सगळंच सांगायचं नसतं.

आता शतक संपत आलंय म्हणे. खोक्याला स्वतःची वेगळी तार मिळाली. टेबलावर बिनतारेचा, बटणांचा, लाल दिवा लुकलुकणारा नवा फोन आलाय. अण्णा तो खिशात घालून लेथपर्यंत जातात. मला कधी कोणी खिशात घातलं नाही. मी खिडकीजवळच्या स्टुलावर असतो, अंगावर पितळेची धूळ. जळतो अजून. सवय जाते थोडीच.

आज करंट गेला. नवा फोन मेलेला, खोकाही मेलेला. अशा वेळी मागच्या शेडचे विश्वेश्वर आले. रबरी वॉशर बनवतात, चाळिशीतले, कायम घाईत. आज मात्र निवांत होते, चेहऱ्यावर ते तेज. मी ते ओळखतो.

"अण्णा, लंडनची एक बाई लिहिते मला. सहा महिने झाले. काय समजूतदार आहे! आता भागीदारीचं म्हणतेय."

अण्णांनी उपदेश केला नाही. एकच विचारलं, "घरी सांगितलंस?"

"नाही. ती म्हणाली, एवढ्यात कुणाला..." आणि ते स्वतःच थांबले.

अण्णा उठले, माझ्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि मला त्यांच्यासमोर ठेवलं. "हा करंटवर चालत नाही. बायकोला लाव."

"ती भडकेल, अण्णा."

"भडकू दे. तू सांग."

विश्वेश्वरांनी मला जवळ ओढलं. मग त्यांनी डायलमध्ये बोट घातलं.

तुम्हालाही एवढंच सांगायचं होतं. कोणी फार गोड बोलत असेल, काहीच मागत नसेल, आणि मग एक दिवस म्हणालं की तुमच्या माणसांना सांगू नका, तर त्याच दिवशी सांगा. ज्याला सगळे जळकुटा म्हणतात त्याला तर आधी सांगा. तो चिडेल, टोचून बोलेल. ऐकून घ्या.

पलीकडे कुणीतरी उचललं. एक बाई हॅलो म्हणाल्या. ठेवतो मी, त्यांना बोलू द्या.